शेवंतीचे प्रकार आणि लागवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवंतीविषयी घरगुती बागप्रेमी आणि लहान शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. महिने, अंतरे आणि वेळापत्रक महाराष्ट्राच्या हवामानाला धरून आहे. कुंडीतील शेवंती आणि शेतातील शेवंती यांच्या गरजा जेथे वेगळ्या होतात, तेथे तसे स्पष्ट केले आहे.

शेवंतीचे एक फूल हे खरोखर एकच फूल असते का?

नाही. सूर्यफूल, झेंडू आणि ॲस्टर यांच्याप्रमाणे शेवंतीही अशा कुळातील आहे की, आपण ज्याला फूल म्हणतो तो अनेक छोट्या फुलांचा गुच्छ असतो. कडेला पाकळीसारखी दिसणारी लांबट किरणपुष्पके असतात आणि मधल्या चकतीत बारीक नळीसारखी बिंबपुष्पके असतात. शेवंतीच्या प्रकारांमधले सारे वैविध्य या दोन घटकांच्या प्रमाणातून आणि आकारातून निर्माण झाले आहे. चीनमध्ये हजारो वर्षे आणि पुढे जपानमध्ये शतकानुशतके निवड होत गेल्यामुळे काही जातींत मधली चकती पूर्णपणे झाकली गेली, काहींत ती फुगून उशीसारखी झाली, तर काहींत किरणपुष्पकांच्या कडा मिटून त्यांच्या नळ्या बनल्या.

फुलाच्या घडणीवरून शेवंतीचे कोणते प्रकार मानले जातात?

प्रदर्शनांसाठी शेवंतीची वर्गवारी बरीच बारकाईने केली जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय शेवंती मंडळाच्या पद्धतीत असे तेरा वर्ग आहेत. तेरांची नावे पाठ करण्याची गरज नाही, पण काही मुख्य घडणी ओळखता आल्या तर रोपवाटिकेत नेमके काय घ्यायचे हे ठरवणे सोपे जाते.

पाकळ्या आतल्या बाजूला वळून फुलाचा घट्ट गोळा होतो, त्याला अंतर्वक्र प्रकार म्हणतात. ‘स्नोबॉल’ ही पांढरी जात त्याचे परिचित उदाहरण आहे. याच्या उलट, पाकळ्या बाहेर व खाली झुकल्या की तो बहिर्वक्र प्रकार होतो. लहान, गच्च आणि गोंड्यासारख्या गोल फुलांना पॉमपॉन म्हणतात. कडेला पाकळ्यांच्या एक-दोन ओळी आणि मध्ये उघडी पिवळी चकती असेल तर ती एकेरी शेवंती होय, आणि तीच चकती फुगून वर आली असेल तर तो ॲनिमोन प्रकार होय. किरणपुष्पकांच्या सरळ नळ्या झाल्या तर क्विल, नळीचे टोक उघडून पसरट झाले तर स्पून, आणि लांब नळ्या टोकाशी आकड्यासारख्या वळल्या तर स्पायडर, अशी आणखी तीन नावे रोपवाटिकांमध्ये ऐकू येतात.

व्यवहारात मात्र पहिला भेद आकारमानाचा करावा. मोठ्या फुलांच्या जाती एका दांड्यावर एकच भव्य फूल घेण्यासाठी असतात. त्यांना आधार, वेळेवर कळ्या खुडणे आणि बारीक लक्ष लागते. लहान फुलांच्या जाती झुडपासारख्या पसरून भरपूर फुलतात आणि चुका पुष्कळ सहन करतात. पहिल्यांदा शेवंती लावणाऱ्याने लहान फुलांच्याच जातीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्पायडर कितीही मोहक दिसला तरी पहिल्या वर्षी तो टाळावा.

हार, वेणी आणि पूजेसाठी महाराष्ट्रात कोणत्या जाती लावल्या जातात?

सुट्या फुलांच्या बाजारात प्रामुख्याने पिवळा आणि पांढरा हे दोनच रंग चालतात. ‘झिपरी’, ‘सोनाली तारा’, ‘राजा’ आणि ‘रेवडी’ ही नावे राज्यातील शेतकऱ्यांच्या जुन्या परिचयाची आहेत. बाहेरच्या संस्थांनीही सुट्या फुलांसाठी जाती दिल्या आहेत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेची ‘बीरबल साहनी’ ही पांढरी जात आणि तमिळनाडू कृषी विद्यापीठाची ‘को-१’ ही पिवळी जात त्यांपैकी होत. फुलशेतीच्या संशोधनासाठी असलेले केंद्रीय पुष्पविज्ञान संशोधन संचालनालयही पुण्यातच आहे.

जात निवडताना केवळ रंग पाहू नये. हारासाठी फूल गच्च पाकळ्यांचे, देठाशी घट्ट आणि प्रवासात न गळणारे असावे लागते. वेणीसाठी ते त्याहून लहान आणि एकसारख्या आकाराचे असेल तर बांधणीला बरे पडते. दसरा-दिवाळीला दर चांगला मिळतो, परंतु मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेमुळे त्यानंतरही मागणी टिकून राहते. म्हणून सगळे क्षेत्र एकाच जातीखाली न आणता लवकर आणि उशिरा फुलणाऱ्या जाती विभागून लावणे शहाणपणाचे ठरते.

बाजारात मिळणारी निळी शेवंती नैसर्गिक असते का?

नसते. ती पांढरी फुले रंगवून तयार केलेली असतात. शेवंतीत पांढरा, पिवळा, तांबूस, गुलाबी, जांभळा, लाल आणि हिरवट असे अनेक रंग आहेत, पण खरा निळा रंग नाही. जपानमधील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रयोगशाळेत खरी निळी शेवंती तयार केल्याचे जाहीर केले. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या दोन जनुकांपैकी एक आपल्या कुंपणावर वाढणाऱ्या गोकर्णीच्या वेलातून घेतलेले होते.

शेवंती हिवाळ्याच्या तोंडावरच का फुलते?

शेवंतीच्या लागवडीतील बहुतेक निर्णय या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे ते सविस्तर समजून घ्यावे.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि ॲलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, काही वनस्पती फुलण्याची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. शेवंती ही अशा ‘लघुदिवसी’ वनस्पतींपैकी एक आहे. दिवस मोठा असेपर्यंत ती पाने आणि फांद्या वाढवते. दिवस साधारण साडेतेरा तासांहून लहान झाला, म्हणजेच सलग अंधाराचा काळ पुरेसा लांबला, की शेंड्यांमध्ये कळी धरण्याची प्रक्रिया सुरू होते. नाव लघुदिवसी असले तरी वनस्पती प्रत्यक्षात मोजते ती रात्र, आणि ती रात्र अखंड असावी लागते. मध्यरात्री थोडा वेळ प्रकाश पडला तरी झाडाच्या दृष्टीने ती लांब रात्र तुटून दोन लहान रात्री होतात.

येथे आपल्या अक्षांशाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. लंडनमध्ये जूनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा असतो, त्यामुळे तेथे उन्हाळ्यात शेवंती कळी धरत नाही. पुण्यात हाच दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. त्यात पहाटेचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाश मिळवला तरी आपण वर्षभर त्या सीमारेषेच्या जवळच राहतो. म्हणूनच आपल्याकडे काही जाती पावसाळ्यातच अवेळी चार-दोन कळ्या काढतात, आणि परदेशी पुस्तकांतील वेळापत्रक जसेच्या तसे वापरले तर फसगत होते. भरघोस आणि एकसारखा बहर मात्र सप्टेंबरनंतर रात्री लांबल्या आणि हवा थंडावली की येतो. कळी नीट भरण्यासाठी रात्रीचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या जवळ असणे उत्तम. रात्री फार उष्ण राहिल्या तर बहर लांबतो.

झाड हिरवेगार आहे, पण कळी येत नाही. काय चुकते आहे?

सर्वप्रथम रात्री झाडाजवळ उभे राहून पाहावे. रस्त्यावरचा दिवा, शेजारच्या गच्चीवरील दिवा किंवा स्वतःच्याच गॅलरीतील रात्रभर जळणारा दिवा यांचा उजेड पानांवर पडत असेल, तर कारण सापडले असे समजावे. शहरांत खत आणि औषधे बदलण्यात महिने घालवले जातात आणि दिव्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, हे पाहून वाईट वाटते. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवावी. ते शक्य नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी सात या वेळेत जाड काळे कापड किंवा पुठ्ठ्याचे खोके झाडावर घालावे. हा क्रम रोज, कळ्यांना रंग दिसेपर्यंत पाळावा लागतो.

दिवा हे कारण नसेल तर आणखी तीन शक्यता तपासाव्यात. दिवसा ऊन पाच-सहा तासांपेक्षा कमी मिळत असेल, नत्रयुक्त खत जास्त झाले असेल किंवा शेंडे फार उशिरापर्यंत खुडले गेले असतील, तरी फुले कमी येतात.

रोपे बियांपासून करावीत की काश्यांपासून?

काश्यांपासून किंवा शेंड्याच्या छाटापासून. लागवडीतील शेवंती ही अनेक जातींच्या संकरातून घडलेली, गुणसूत्रांच्या सहा संचांची वनस्पती आहे. तिच्या बियांपासून उगवणारी रोपे रंगाने आणि आकाराने मूळ झाडासारखी निघत नाहीत. नवीन जात शोधणाऱ्यासाठी हे वरदान असले, तरी हवी ती जात टिकवणाऱ्यासाठी बी निरुपयोगी आहे.

बहर संपल्यावर झाडाच्या बुंध्याभोवती जमिनीतून जे नवे फुटवे येतात, त्यांना काश्या म्हणतात. मुळांसह त्या वेगळ्या करून लावता येतात. छाटांसाठी निरोगी फांदीचा पाच ते सात सेंटीमीटरचा कोवळा शेंडा घ्यावा, खालची पाने काढावीत आणि तो ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीत लावावा. दोन ते तीन आठवड्यांत मुळे फुटतात. काश्या सोप्या आहेत, परंतु जमिनीतील रोग आणि कीड त्यांच्याबरोबर पुढच्या वर्षात जाण्याचा धोका असतो. छाटांची रोपे अधिक स्वच्छ आणि एकसारखी मिळतात, म्हणून कुंड्यांसाठी छाटच वापरावेत.

शेतात लागवड केव्हा आणि कशी करावी?

पाण्याची सोय असेल तर एप्रिल-मे हा सुट्या फुलांच्या लागवडीचा नेहमीचा काळ आहे. जमीन मध्यम, भुसभुशीत आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी असावी, आणि सामू (मातीची आम्ल-विम्लता, म्हणजे पीएच) साडेसहा ते सातच्या दरम्यान असावा. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात मुळे गुदमरतात. तशा जमिनीत लागवड करायचीच असेल तर गादीवाफे उंच करावेत.

हेक्टरी सुमारे २५ टन कुजलेले शेणखत मशागतीच्या वेळी मिसळावे. साठ सेंटीमीटरवर सऱ्या काढून वरंब्याच्या बगलेत तीस सेंटीमीटर अंतरावर काश्या लावाव्यात, आणि हे काम उन्हे उतरल्यावर करावे. रासायनिक खतांसाठी हेक्टरी ३०० किलो नत्र आणि प्रत्येकी २०० किलो स्फुरद व पालाश अशी शिफारस प्रचलित आहे. स्फुरद आणि पालाश लागवडीवेळी, तर नत्र हप्त्यांनी द्यावे. माती परीक्षण करून हे प्रमाण कमी-जास्त करणे केव्हाही अधिक योग्य होय.

कुंडीतील शेवंतीसाठी काय करावे?

लहान फुलांच्या जातीला आठ इंची, तर मोठ्या फुलांच्या जातीला दहा ते बारा इंची कुंडी पुरते. बागेची माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि जाडसर वाळू किंवा कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. तळाचे छिद्र मोकळे असल्याची खात्री करावी. मुळे फुटलेले छाट जुलै-ऑगस्टमध्ये कुंडीत लावले तर बहराच्या वेळी झाड आटोपशीर आणि तळापर्यंत हिरवे राहते. एप्रिलमध्ये लावलेले झाड कुंडीत उंच होऊन खालून उघडे पडते.

शेंडा खुडणे आणि कळ्या काढणे यांत फरक काय?

ही दोन वेगळ्या वेळची आणि वेगळ्या हेतूंची कामे आहेत. लागवडीनंतर साधारण चार आठवड्यांनी मुख्य शेंड्याचे टोक दोन-तीन सेंटीमीटर खुडले की खालच्या पेऱ्यांतून फांद्या फुटतात. त्या वाढल्यावर त्यांचेही शेंडे एकदा खुडले की झाड डेरेदार होते. ऑगस्ट संपत आला की मात्र हात आवरावा, कारण त्यानंतर खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे येऊ घातलेली कळीच असू शकते.

कळ्या काढण्याचे काम बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. मोठ्या फुलांच्या जातीत फांदीच्या टोकाची एक कळी ठेवून बाजूच्या साऱ्या कळ्या वाटाण्याएवढ्या होण्याआधी काढतात, म्हणजे सर्व पोषण एकाच फुलाला मिळते. गुच्छाने फुलणाऱ्या स्प्रे जातीत नेमके उलट करतात. मधली, सर्वांत आधी उमलणारी कळी काढली की बाजूच्या कळ्या बरोबरीने उमलतात. हारासाठी लावलेल्या शेतातील शेवंतीत कळ्या काढण्याची गरज नसते.

पाणी किती द्यावे?

वरची माती बोटभर सुकल्यावर, सकाळी, बुंध्याशी. पानांवर पाणी मारू नये. शेवंती पाण्याच्या ताणाने कोमेजते पण बहुधा सावरते, साचलेल्या पाण्याने मात्र हमखास मरते. सततच्या पावसात कुंड्या आडोशाला घ्याव्यात आणि शेतात वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून माती भुसभुशीत झाल्याशिवाय, पाणी देऊ नये.

कोणत्या कीड-रोगांकडे लक्ष ठेवावे?

कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर गर्दी करणारा काळसर मावा हा सर्वांत नेहमीचा शत्रू आहे. सुरुवातीलाच पाण्याचा जोरदार फवारा किंवा पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरतो. उशीर झाला की मावा पाकळ्यांच्या आत शिरतो आणि मग फूल वाचत नाही. फुलकिड्यांमुळे पाकळ्यांवर तपकिरी चट्टे पडतात, कोरड्या हवेत लाल कोळी पानांचा रस शोषून ती निस्तेज करतो, आणि नागअळी पानांत पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा काढते.

रोगांमध्ये खालच्या पानांपासून वर चढणारे काळे ठिपके पावसाळ्यात हमखास दिसतात. अशी पाने काढून नष्ट करावीत, झाडांत हवा खेळती ठेवावी आणि आवश्यक तेथे कृषी विभागाच्या सल्ल्याने बुरशीनाशक वापरावे. मर रोगाने एका बाजूने पिवळे पडून सुकणारे झाड वाचवण्याचा प्रयत्न करू नये. ते मुळांसह उपटून टाकावे, त्याच्या काश्या कोणालाही देऊ नयेत आणि त्या जागी पुढील काही वर्षे शेवंती लावू नये. पानाच्या खालच्या बाजूला पांढुरके-गुलाबी फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा असू शकतो. तो झपाट्याने पसरतो, म्हणून तज्ज्ञांना त्वरित दाखवावा.

पॉलिहाऊसमध्ये वर्षभर फुले कशी घेतली जातात?

वर सांगितलेल्या रात्रीच्या नियमाचा दोन्ही बाजूंनी उपयोग करून. लागवडीनंतर सुमारे चार आठवडे रात्री दहा ते दोनच्या दरम्यान दिवे लावून रात्र मोडतात, त्यामुळे झाड कळी न धरता दांडा उंच वाढवते. आपल्याकडे जूनमध्येही हे दिवे लावावे लागतात, याचे कारण अक्षांशाच्या मुद्द्यात आलेच आहे. दांडा पुरेसा वाढला की दिवे बंद करतात आणि दिवस मोठे असतील त्या महिन्यांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत काळे कापड ओढून रात्र लांब करतात. तेथपासून फूल किती आठवड्यांनी येईल यावरून जातींचे गट पाडलेले असतात. कटफ्लॉवरच्या बहुतेक जाती आठ ते दहा आठवड्यांच्या गटातील असतात. कापडाला एखादी फट राहिली तरी तेवढ्या पट्ट्यातील फुले मागे पडतात, त्यामुळे हे काम बेफिकिरीने करण्यासारखे नाही.

फुले केव्हा तोडावीत आणि ती कशी टिकवावीत?

सुटी फुले पूर्ण उमलल्यावर, पहाटे ऊन चढण्यापूर्वी तोडावीत. दव असेल तर ते थोडे उतरू द्यावे, कारण ओली फुले टोपलीत भरली की काळवंडतात. फुलदाणीसाठी दांडे कापताना बुडाचे कठीण लाकूड सोडून वर कापावे, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि एक दिवसाआड पाणी बदलून दांड्याचे टोक पुन्हा कापावे. अशी फुले दोन आठवडे सहज राहतात.

शेवंतीच्या फुलांचा चहा किंवा घरगुती कीटकनाशक करता येते का?

चीनमध्ये शेवंतीच्या वाळवलेल्या फुलांचा चहा पिण्याची जुनी परंपरा आहे, परंतु बाजारातून आणलेल्या हाराच्या फुलांचा चहा करू नये. ती फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात आणि त्यांवर औषधांची फवारणी झालेली असते. पायरेथ्रम हे नैसर्गिक कीटकनाशक शेवंतीचे म्हणून सांगितले जाते. ते शेवंतीच्या एका नातलग वनस्पतीच्या फुलांपासून मिळते, आपल्या बागेतील शेवंतीपासून नव्हे. शेवंतीची पाने सतत हाताळल्याने काही जणांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते. तसे होत असेल तर हातमोजे घालावेत. कुत्री-मांजरे ही पाने चघळणार नाहीत याचीही काळजी घ्यावी.

विकत आणलेली फुललेली कुंडी पुढच्या वर्षी तशीच बुटकी राहील का?

बहुधा नाही. अनेक रोपवाटिका झाड ठेंगणे राहावे म्हणून वाढरोधक द्रव्ये वापरतात. त्यांचा परिणाम ओसरला की पुढच्या वर्षी तेच झाड बरेच उंच होते. ते आटोपशीर हवे असेल तर वेळेवर शेंडे खुडावेत, किंवा मुळातच बुटक्या असलेल्या जाती घ्याव्यात. लखनौच्या संस्थेने शेंडा न खुडता आणि आधार न देता आपोआप गोलाकार वाढणाऱ्या लहान फुलांच्या जाती विकसित केल्या आहेत आणि गॅलरीसाठी त्या फार उपयुक्त आहेत.

बहर संपल्यावर झाडाचे काय करावे?

फेकू नये. फुले सुकली की दांडे जमिनीपासून दहा ते पंधरा सेंटीमीटरवर छाटावेत, वरची माती हलवून थोडे शेणखत द्यावे आणि पाणी बेताचे ठेवावे. काही आठवड्यांत बुंध्याभोवती काश्या दिसू लागतात. मार्चपासून कुंडी दुपारच्या उन्हातून काढून विरळ सावलीत ठेवावी, कारण मातृझाडे दगावतात ती मुख्यतः एप्रिल-मेच्या कडक उन्हाने. प्रत्येक कुंडीवर जातीचे नाव, फुलाचा रंग आणि बहराचा महिना लिहून ठेवावा. फुले नसताना बहुतेक जातींची पाने सारखीच दिसतात आणि जूनमध्ये छाट घेताना पिवळी कोणती व पांढरी कोणती हे त्या पाट्यांवरूनच कळते.